लोहाऱ्याचा बंद ओव्हन

१

उज्ज्वला आडे मेली तेव्हा तिच्या ओव्हनचं बटण बंद होतं. एवढीशी गोष्ट मी पंचनाम्यात लिहिली आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

मी वामनराव, हवालदार. नोकरी सरत आली आहे. करंटने गेलेली माणसं मी पुष्कळ उचलली. रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेला चिकटलेली, विहिरीवरच्या मोटारीला हात लावून गेलेली. त्या प्रत्येकाला मारणारी वस्तू चालू होती. बंद वस्तूनं मारलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

यवतमाळला लागून लोहाऱ्यात, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत धावजी आड्यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं. धावजी गेले आणि दोघा पोरांनी घराचे दोन भाग केले. घरात एक भिंत घातली, अंगणात दुसरी. उजवीकडं थोरला प्रेमसिंग आणि त्याची बायको रामीबाई, डावीकडं धाकटा देवीलाल आणि उज्ज्वला. भिंत उभी राहिली तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या दोघांना पाहूनच कोणी म्हटलं असावं.

उज्ज्वला घरी केक आणि नानकटाई करायची. वस्तीतल्या पोरांचे वाढदिवस तिच्याशिवाय होत नसत. तिचा जुना ओव्हन जळाला म्हणून तिनं त्याच्या जागी मोठा, ओट्याखाली बसणारा नवा घेतला. वायरमन धम्मरत्न खोब्रागडेनं तो जोडून दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मे महिन्यातल्या भर दुपारी, देवीलालला ती ओव्हनपुढं पडलेली दिसली. उजव्या तळहातावर भाजल्याचा काळा डाग होता. डाव्या हातात ओला फडका होता. फरशी नुकतीच पुसलेली आणि पाय अनवाणी.

बातमी ऐकून धम्मरत्न स्वतःच धावत आला. तेच त्याचं चुकलं. देवीलालनं त्याच्या थोबाडीत मारली आणि मग ज्यांना उज्ज्वलाचं नावही धड माहीत नव्हतं तेसुद्धा हात साफ करायला पुढं सरसावले. मी त्याला जीपमध्ये कोंबलं. अटक करायला म्हणा की वाचवायला म्हणा.

साहेबांच्या लेखी केस तिथंच मिटली. वायरमननं वायरी उलट्यासुलट्या जोडल्या, बाई मेली, निष्काळजीपणाचं कलम लावा आणि मोकळे व्हा.

"साहेब, बटण बंद होतं," मी म्हटलं. "ओव्हनच्या लाइनचा वेगळा खटका आहे, तो एमसीबीसुद्धा खाली पाडलेला आहे. करंट आला कुठून?"

"वामनराव, करंटले काय पाय फुटतात?" साहेब म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. त्या स्वयंपाकघरात उभा असताना माझा हात आपोआप पाठीमागं गेला होता. कोणत्याच वस्तूला टेकायची छाती होत नव्हती.

२

करंटनं माणूस मेलं की सरकारी विद्युत निरीक्षकानं येऊन पाहायचं असतं. मैत्रेयी भगत दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. चाळिशीच्या, बोलायला कमी, आणि सुती साडीखाली जाड रबरी तळाचे बूट.

ते बूट घालून त्या थेट स्वयंपाकघराकडं निघाल्या. दुखवट्याला बसलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मॅडम, बूट बाहेर काढा," देवीलाल म्हणाला. "चुलीपाशी आमच्यात कोणी पायताण नेत नाई."

"आमच्यातही नेत नाहीत, भाऊ," मैत्रेयी मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर बायका ओल्या फरशीवर अनवाणी मरतात. रागवा माझ्यावर, पण बूट मी काढणार नाही."

त्यांनी सगळं उघडून पाहिलं. मेन बोर्डापासून ओव्हनपर्यंत एकच अखंड जाड वायर, मधे कुठं जोड नाही. तिला वेगळा एमसीबी. ओट्याच्या वर, हाताला येईल असं आणि शेगडीपासून दूर, दोन्ही वायरी तोडणारं मोठं बटण. ओव्हनच्या मागं तिन्ही टोकं जिथल्या तिथं, स्क्रू घट्ट. बोर्डात ईएलसीबी होता. करंट जरा कुठं गळला की हे यंत्र सगळी लाइन पाडतं. मॅडमनी त्याचं तपासणीचं बटण दाबलं, खटकन लाइन पडली. मग ओव्हनच्या पत्र्याला टेस्टर लावला. आधी बटण बंद ठेवून, मग चालू करून. टेस्टर मेलेलाच राहिला.

"माझ्या घरी कोणी असं काम करून दिलं तर मी त्याला जेवू घालीन," त्या म्हणाल्या.

देवीलाल दारात उभा होता. त्याचे डोळे सुजलेले होते. "घालानच जेवू. तुमच्याच समाजाचा हाय ना थो."

मला वाटलं मॅडम आता फाडून खातील. त्यांनी टेस्टर शांतपणे पर्समध्ये ठेवला.

"देवीलालभाऊ, त्याची चूक निघाली तर त्याचं लायसन माझ्याच सहीनं जाईल. जात बघून करंट लागत नाही. माझं कामही तसंच आहे."

बाहेर येऊन त्या कडुलिंबाच्या सावलीत थांबल्या. इतका वेळ आवरलेला आवाज आता जरा हलला.

"वामनराव, या स्वयंपाकघरात मरायला काही कारणच नाही. आणि बाई तर मेली आहे. याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"नाही जी."

"जे आलं होतं ते या घरातलं नव्हतं. ते येतं आणि जातं. आज सकाळी नाही. पुन्हा कधी येईल सांगता येत नाही." त्यांनी घराकडं पाहिलं. आत बायका होत्या, चहाची भांडी वाजत होती. "स्वयंपाकघराला कुलूप घाला. आत्ताच्या आत्ता."

३

ठाण्यात धम्मरत्न कोठडीच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. बाहेर त्याची बायको प्रियंका डबा घेऊन आली होती. तिनं मला हात जोडले नाहीत, रडलीही नाही.

"ज्या ज्या घरी यानं वायरिंग केली, थे लोक आता दुसरा वायरमन बलावून तपासून राह्यले," ती म्हणाली. "काही निघून नाई राह्यलं कोठीच. पण तपासाले बलावलं, हेच गावभर झालं. हा सुटला अन् डाग राह्यला, त सुटून काय उपयोग?"

तिचं खरं होतं. वायरमनच्या हातावर लोक आपली लेकरंबाळं सोपवून झोपतात. तो विश्वास एकदा गेला की यवतमाळात त्याला पंखा लावायलाही कोणी बोलावणार नाही.

मैत्रेयी मॅडम कोठडीत त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"आधीचा ओव्हन कशावर चालत होता?"

"साध्या प्लगवर. देवीलालभाऊच्या भागातली वायरिंग जुनी, दोन वायरींची. अर्थिंग नव्हतंच फिरवलेलं. म्या म्हटलं, ताई, नवा ओव्हन मोठा हाय, या वायरीवर लावला त वायर तापंन अन् भितीतच जळंन. मंग मेनपासून नवी लाइन ओढली. अर्थिंग मेनपाशीच्या पट्टीवरून घेतलं."

"ती पट्टी जमिनीत कुठं उतरते?"

"आंगनात. धावजीबाच्या काळचा एकच खड्डा हाय. त्याच्या डोक्यावरच यायनं वाटणीची भित घातली."

"अर्थिंग तपासलंस?"

"तपासलं जी. ईएलसीबीच्या अलीकडं, मीटरच्या फेज अन् अर्थिंगच्या मंधात बल्ब लावला. फक्क पेटला. खड्डा मेला असता त बल्ब मिणमिणला असता."

"त्या वेळी तिथं कोण कोण होतं?"

"उज्ज्वलाताई. अन् भितीपलीकडं प्रेमसिंगभाऊ उभे होते, रिकामी बादली हातात. मी पट्टीले वायर कसून राह्यलो होतो, थे पाहून राह्यले होते. बोलले काही नाई." मग तो माझ्याकडं वळला. "काका, म्या ताईले बजावून सांगतलं होतं. पुसाच्या पहिले बटण बंद करा, एमसीबी पाडा. तिनं तसंच केलतं ना?"

"केलं होतं," मी म्हटलं.

"म्हणजे तिनं माह्यं आयकलं," तो म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग देवीलालची पाळी. तो डाळ मिलमध्ये मोटारी सांभाळतो, म्हणजे करंट त्याच्या ओळखीचा. मिलच्या गेटवर विचारलं तर कळलं, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच तो घाईघाईनं निघाला होता. बायकोचा हा केकचा व्याप त्याला पसंत नव्हता, हेही वस्तीला ठाऊक होतं. मला वाटलं, गवसला.

मॅडमनी सरळ विचारलं. "घरी लवकर का आलात?"

"तिचा फोन आलता. म्हणे, ओव्हनले हात लावला की मुंग्या येऊन राह्यल्या. मी म्हटलं, बंद कर. बंद केल्यावर काही होत नाई. मी येतो." त्याचा आवाज फुटला. "मीच म्हटलं, मॅडम, बंद केल्यावर काही होत नाई."

हे त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याला त्या वायरमनला दोषी ठरवायचंच होतं, कारण नाही तर स्वतःचं हे वाक्य त्याला झोपू देत नव्हतं. मला त्याची कीव आली. धम्मरत्नला त्यानं मारलेली थापडही मला त्या क्षणी वेगळी वाटली.

मॅडम मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकल्या होत्या. "मुंग्या त्याच दिवशी आल्या? त्याआधी कधी नाही?"

"नाई. थ्याच दिवशी."

"मग त्या दिवशी काहीतरी झालं," मॅडम म्हणाल्या. "किंवा रोज होणारं काहीतरी त्या दिवशी झालं नाही."

४

ते काय, हे बसंतीबाईनं सांगितलं. समोरच्या घरात राहणारी म्हातारी, दिवसभर ओसरीत बसून वस्तीची पहारेदारी करणारी. आमच्या खात्यानं अशा चार म्हाताऱ्या पगारी ठेवल्या तर अर्धे गुन्हे सुटतील.

"प्रेमसिंगाचं डोस्कं फिरलं होतं," ती म्हणाली. "इथं नळ कधी येईन थे देवाले मालूम. टँकर आला की बाया भांडतात. अन् हा बाप्पा रोज दुपारी भितीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओते. तिथं झाड ना झुडूप."

"आताही ओततो?"

"नाई. थे पोरगी मेल्यापासून नाई ओतत."

मॅडम उठल्या आणि अंगणातल्या भिंतीपाशी जाऊन वाकल्या. आमची काळी माती उन्हाळ्यात तोंड वासते. भिंतीच्या बुडाशी पडलेल्या भेगेत त्यांचं अख्खं बोट गेलं. अर्थिंगची गंजलेली लोखंडी पट्टी तिथं जमिनीत उतरत होती आणि तिच्याभोवती माती राहिलीच नव्हती, नुसती पोकळी होती.

आम्ही प्रेमसिंगच्या घरात गेलो. दार उघडताच भट्टीसारखी झळ आली. यवतमाळात मे महिन्यात कूलरशिवाय दुपार काढणारा माणूस एक तर फार गरीब असतो, नाही तर कूलर बिघडलेला असतो. प्रेमसिंगच्या मागच्या खोलीच्या खिडकीत मोठा कूलर होता. टाकी कोरडी, वाळ्याच्या ताट्या सुकून पिवळ्या पडलेल्या. रामीबाई पेपरनं वारा घेत होती.

प्रेमसिंग पन्नाशीतला, दणकट. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि स्वतः उभाच राहिला.

"भावजयीसोबत बोलणं होतं का?" मॅडमनी विचारलं.

"आमचं त्यांच्याशी काही नाई."

रामीबाईनं डोळे खाली घेतले. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही.

मॅडम बसल्या जागेवरून भिंतीकडं पाहत होत्या. फ्रिजचा प्लग, टीव्हीचा प्लग, मिक्सरचा प्लग. त्यांनी उठून एकेक उपसून पाहिला. तिन्ही प्लगांची वरची जाड पिन, अर्थिंगची, मुळापासून कापलेली होती.

"बोर्ड तर नवे, तीन भोकांचे, अर्थिंगवाले आहेत," त्या म्हणाल्या. "पिना का तोडल्या?"

"तशाच आल्या होत्या."

"तिन्ही?"

घाम प्रेमसिंगच्या कानामागून ओघळत होता. आम्हालाही येत होता, पण त्याचा घाम मला निराळा वाटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला विचारलं, "वामनराव, तुम्हाला उकाडा सहन होतो का?"

"नाही जी. लहानपणापासून नाही."

"छान. दुपारी याच घरी या, चौकशीच्या नावानं बसा आणि तुमचे हाल होऊ द्या. बाकी काही करू नका."

५

दुपारी मी प्रेमसिंगच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसलो. हाल व्हायला मला नाटक करावं लागलं नाही. पलीकडं, भिंतीच्या त्या बाजूला, मॅडमनी स्वयंपाकघराचं कुलूप काढलं होतं. देवीलालच्या घराचं मेन त्यांनी स्वतःच्या हातानं पाडलं होतं. त्या अर्ध्या घरात करंटचा थेंब नव्हता.

मी काहीबाही विचारत राहिलो. टोपी काढली. रुमाल पिळला. शेवटी रामीबाईलाच राहवलं नाही.

"काका, कूलर लावू काय?"

"बिघडला हाय थो," प्रेमसिंग झटकन म्हणाला.

"कायचा बिघडला? चांगला त हाय. तुम्हीच लावू नोको म्हणता. दुखवटा हाय म्हणता." ती माझ्याकडं वळली. "घामानं माणूस मरून जाईन इथं, अन् म्हणे दुखवटा."

"रामी, नोको म्हटलं ना."

पण ती बटणापाशी पोचली होती. खट्. कूलरचा पंखा गुरगुरला आणि अंगात त्राण नसल्यासारखा हळूहळू फिरू लागला. त्याला वारं असं नव्हतंच.

आणि भिंतीपलीकडून देवीलालची किंकाळी आली.

मी धावलो. अंगणातून वाट नव्हती, रस्त्यानं वळसा घालून आत शिरलो. देवीलाल स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीला चिकटून उभा होता. त्याला काही झालेलं नव्हतं. त्यानं फक्त पाहिलं होतं. मैत्रेयी मॅडम रबरी बुटांवर ओव्हनसमोर वाकल्या होत्या. बटण बंद, एमसीबी खाली, सगळ्या घराचं मेन पाडलेलं. आणि ओव्हनच्या पत्र्याला लावलेला टेस्टर लाल पेटला होता.

"तिकडं जा आणि कूलर बंद करा," मॅडम म्हणाल्या. "कोणी काही शिवू नका."

मी गेलो, बटण दाबलं. परत आलो तेव्हा टेस्टर विझला होता.

६

प्रेमसिंगला आम्ही पळायची संधी दिली नाही. तो पळणारही नव्हता. खाटेवर बसून राहिला होता. देवीलालही आत आला. दोघं भाऊ एका छपराखाली आले ते दोन वर्षांनी, आणि असे.

मॅडमनी देवीलालकडं पाहूनच सांगायला सुरुवात केली. त्यालाच ते कळण्याची गरज होती.

"करंट एका वायरीनं येतो आणि दुसरीनं परत जातो. या मागच्या खोलीची परतीची वायर स्लॅबमध्ये जळाली. बदलायची तर छतातला डबा उघडायला हवा होता. तो डबा तुमच्या स्वयंपाकघरात आहे, वाटणीत तुमच्याकडं गेला. म्हणजे तुम्हाला बोलावं लागलं असतं. प्रेमसिंगभाऊंनी बोलायचं टाळलं आणि कूलरची परतीची वायर अर्थिंगच्या पट्टीला जोडली. जमीन वाटली, घर वाटलं, मीटर वाटले. अर्थिंग वाटायचं राहिलं. ते दोघांचं एकच आहे."

"पण मंग इतके दिवस?" देवीलालनं विचारलं.

"खड्डा ओला असला की करंट मुकाट जमिनीत जातो. माती सुकून पट्टीपासून सुटली की त्याला जायला जागा नाही. मग तो पट्टीवरच साचतो आणि पट्टी जिथं जिथं जाते तिथं तिथं पोचतो. तुमच्या जुन्या ओव्हनला अर्थिंग नव्हतं, म्हणून तो कधी लागला नाही. नव्याला होतं. ओव्हनचं बटण बंद केलं की दोन वायरी तुटतात. अर्थिंगची तुटत नाही, ती तुटायचीच नसते, जीव वाचवायची वायर आहे ती. तुमचा ईएलसीबी पडला नाही, कारण हा करंट तुमच्या मीटरमधून आलाच नव्हता, आणि भाऊंच्या बोर्डात ईएलसीबी नाहीच."

"मले काय मालूम हे सारं," प्रेमसिंग पुटपुटला. "मी काय वायरमन हाय?"

"ज्याला माहीत नाही तो आपल्या घरातल्या पिना कापत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या आल्या. अर्थिंगमधून येतं हे तुम्ही ओळखलं आणि आपल्या घरापुरतं अर्थिंग तोडून टाकलं. आणि बादली. टँकरच्या पाण्याची बादली उघड्या मातीवर कोण ओततं?"

प्रेमसिंगनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग एकदम बोलू लागला.

"पाणी टाकलं की कूलर पळे. म्हणून टाकत होतो पहिले. मंग थो वायरमन आला, त्यानं पट्टीले वायर लावली. मी नुकतंच पाणी ओतून उभा होतो. त्याचा बल्ब फक्क पेटला. मी पाह्यलं. मले समजलं का आता हे तिच्या ओव्हनले गेलं. त्या दिवसापासून मी एक दिवस पाणी चुकवलं नाई, मॅडम. इमानानं सांगतो. पिवाले नसलं तरी भितीले टाकलं."

म्हणजे उज्ज्वलाचा जीव रोज एका बादलीवर टांगलेला होता, आणि ती बादली ओतणारा परका कोणी नव्हता, तिचा थोरला दीर होता.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं.

"मुकुटबनले गेलतो. सोयऱ्याकडं. सकाळीच निघालो. पांढरकवड्याच्या स्टँडवर ध्यानात आलं का पाणी टाकलं नाई."

"फोन होता?"

"होता."

"देवीलालचा नंबर?"

"हाय."

"मग?"

तो भावाकडं न बघता म्हणाला, "दोन साल झाले बोलून. म्हटलं, पहिले मी कायले बोलू?"

माझी तीस वर्षांची नोकरी बाजूला ठेवून त्याला एक लगावावी असं मला वाटलं. लाज वाटत नाही सांगायला.

"रामीबाईंना तरी सांगायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "कूलर लावू नको, एवढंच."

"तिनं काहून म्हणून इचारलं असतं. अन् उज्ज्वलाले जाऊन सांगतलं असतं. दोघी मागून बोलत, मले मालूम होतं."

रामीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आपलं चोरून बोलणं नवऱ्याला ठाऊक होतं, हे ऐकूनही ती चपापली नाही. तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

"थ्या दुपारी कूलर म्या लावला," ती म्हणाली. "लई गरम होऊन राह्यलं होतं. म्हणजे म्या बटण दाबलं, अन् तिकडं..."

"रामीबाई, तुम्हाला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"तिनं आदल्या दिवशी मले भितीवरून नानकटाई देल्ती," रामीबाई म्हणाली आणि खाली बसली.

प्रेमसिंगला कोणतं कलम लावायचं ते साहेबांनी ठरवलं. निष्काळजीपणाचं तर नव्हेच. जीपमध्ये बसतानाही त्यानं देवीलालकडं पाहिलं नाही. मला वाटतं पाहण्याची त्याची हिंमत झाली नाही, पण सवय तरी मोडायला हवी होती.

संध्याकाळी धम्मरत्न सुटला. प्रियंका सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसली होती, ती उठली. साहेबांनी त्याला चहा पाजला, मोठेपणानं. तो चहा तसाच ठेवून धम्मरत्न मैत्रेयी मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, खरं सांगा. म्या अर्थिंग लावलंच नसतं, आळशीपणा केला असता, त ताई जिती असती ना?"

मी मॅडमकडं पाहिलं. दोन गोड शब्द सांगायची वेळ होती. त्यांनी सांगितले नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "असती. आणि तरी पुढच्या घरी अर्थिंग लावायचंच. फक्त खड्डा कोणाकोणाचा आहे, ते विचारल्याशिवाय नाही."

त्यानं मान हलवली. रडला नाही, पण त्याचा चेहरा त्या दोन दिवसांत पोक्त झाला होता. तो पुन्हा हातात पकड धरेल की नाही, मला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फाटकातून देवीलाल आत आला. प्रियंका पुढं होऊन नवऱ्याच्या आड उभी राहिली. देवीलाल तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. माफी वगैरे त्याला मागता येत नव्हती, ते दिसतच होतं.

"धम्मरत्नभाऊ," तो म्हणाला, "आंगनात नवं अर्थिंग कराचं हाय. दोन खड्डे. एक माह्या घराचा, एक तिकडचा. तिकडं भोजाई एकटी राह्यली आता. माह्या भावाची बायको. दुसऱ्या कोणावर मी सोडत नाई हे काम."

धम्मरत्ननं प्रियंकाकडं पाहिलं. ती जराशी बाजूला झाली.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "पण तिकडच्या घरात शिराचं त त्या बाईले कोणीतरी सांगाले पाह्यजे. काय झालं, काय कराचं, सारं समजावून. कोण सांगन?"

देवीलालनं तोंडावरून हात फिरवला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मी बोलतो तिच्यासंग."